क्लनॉग व्हाउर आणि संत बेनोचं चर्च: अर्ध्या दिवसाची नीट भेट

उत्तर-पश्चिम वेल्समधल्या ग्विनेड परगण्यात, कर्नार्व्हनहून प्वल्हेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्लनॉग व्हाउर नावाचं लहानसं गाव आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत मूठभर घरं. त्या घरांच्या मानाने चर्च मात्र इतकं मोठं, की पाहुण्याला पहिला प्रश्न तोच पडतो. बहुतेक जण गाडी उभी करतात, दार उघडून आत डोकावतात, दोन फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. मग त्यांना हे एक मोठं, थंड, रिकामं चर्च वाटलं तर नवल नाही. ही जागा एका विशिष्ट क्रमाने पाहिली तरच उलगडते. आधी विहीर, मग संत बेनोच्या समाधीचं चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनाघर, मग मुख्य चर्च. जुने यात्रेकरू आणि रोगी याच क्रमाने यायचे.

आधी नकाशावर गाव सापडायला हवं. वेल्श नावं ऐकून टाइप केली तर शोध हमखास चुकतो. पहिला शब्द सी-एल-वाय-एन-एन-ओ-जी, दुसरा एफ-ए-डब्ल्यू-आर. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार 'व्ह' होतो, त्यामुळे बसचालकाला 'फॉर' म्हणालात तर त्याला दोनदा विचारावं लागेल. संताचं नाव बी-ई-यू-एन-ओ. मात्र नुसतं संताचं नाव टाकून रस्ता शोधू नका. उत्तर वेल्समध्ये या संताच्या नावाची अनेक चर्च आहेत. शिवाय सेंट असफजवळ जेझुइट पंथाचं याच नावाचं मोठं ध्यानकेंद्र आहे आणि नकाशाचं ॲप बऱ्याचदा तेच पहिलं दाखवतं. ते क्लनॉगपासून गाडीने तासाभराहून जास्त लांब आहे. कागदी नकाशा वापरणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 254 घ्यावा. चर्चचा ग्रिड संदर्भ एसएच 414 497.

भारतातून येणाऱ्यांना वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचाच चालतो. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर तपासणीही नसते, फक्त पाट्या दोन भाषांत दिसू लागतात.

रेल्वे आणि बसने

जवळचं सोयीचं रेल्वे स्टेशन बँगोर. लंडनच्या यूस्टनहून साधारण सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. थेट गाड्या मोजक्याच, एरवी क्रू किंवा चेस्टरला गाडी बदलावी लागते. मँचेस्टरहून सव्वादोन-अडीच तास. तिकीट काढताना स्टेशनाच्या नावापुढे 'ग्विनेड' आहे याची खात्री करा, कारण उत्तर आयर्लंडमध्येही एक बँगोर आहे. लांबच्या प्रवासाचं आगाऊ तिकीट आणि ऐन वेळचं तिकीट यांच्या दरांत खूप फरक असतो. आगाऊ तिकिटं साधारण 12 आठवडे आधी खुली होतात. पण आगाऊ तिकीट ठरावीक गाडीचंच असतं, म्हणून परतीची गाडी जरा उशिराची घ्या. गावातली बस चुकली तर गाडीही जाते.

बँगोरहून कर्नार्व्हनला बस जाते. तिथे उतरून प्वल्हेलीकडे जाणारी बस पकडायची. ती क्लनॉगला थांबते आणि कर्नार्व्हनपासून अर्ध्या तासाच्या आत पोचवते. कर्नार्व्हनला रेल्वे स्टेशन आहे असं नकाशावर दिसेल, पण ती डोंगरातून जाणारी अरुंद रुळांची पर्यटन रेल्वे आहे. देशभराच्या रेल्वेच्या प्रवासी गाड्या कर्नार्व्हनला 1970 मध्येच बंद झाल्या. प्वल्हेलीला मात्र खरं स्टेशन आहे आणि बर्मिंगहॅम, श्रूजबरीकडून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी लाइन तिथे संपते. हा प्रवास देखणा आहे तसाच बराच संथ. वेळ असेल तर येताना एक मार्ग आणि जाताना दुसरा, असा बेत छान जमतो.

बसचं वेळापत्रक 'ट्रॅव्हलाइन कम्री'च्या ॲपवर त्या दिवसाची तारीख टाकून पाहा. आठवड्याच्या दिवसांचं वेळापत्रक रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, लागू नसतं. रविवारी बस फार कमी असतात आणि चर्चमध्ये प्रार्थनाही असू शकते, म्हणून बसने येणाऱ्याने रविवार टाळलेला बरा. थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही, बस दिसली की हात पुढे करावा लागतो. हात केला नाही तर चालक तुम्हाला फिरायला आलेले समजून पुढे निघून जातो. कार्डाने पैसे देता येतात, तरी थोडी चिल्लर जवळ असू द्या.

स्वतःच्या गाडीने

चेस्टरकडून ए55 ने बँगोर, पुढे ए487 ने कर्नार्व्हनला वळसा घालून, शेवटी ए499. कर्नार्व्हनचा वळणरस्ता 2022 मध्ये सुरू झाला. गाडीतला नेव्हिगेशनचा नकाशा त्याआधीचा असेल तर तो तुम्हाला शहरातून आणि बाँटन्यूइड गावातून नेईल. वळणरस्ता जिथे संपतो त्या गोलचौकातून प्वल्हेलीचा रस्ता धरला की दहा-पंधरा मिनिटांत क्लनॉग येतं.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते आणि गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे सवयीची अडचण नाही. अडचण येते ती वेगाची. 17 सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर मर्यादा ताशी 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटर आहे. दिव्याच्या खांबांच्या वस्तीत दुसरी पाटी नसेल तर 20 च धरायची. इंग्लंडच्या सवयीने 30 ने आलात तर दंडाची चिठ्ठी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनी स्वतःचं शुल्क लावते. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आरव्ह' असं रंगवलेलं दिसेल, त्याचा अर्थ हळू.

गाडी लावताना चर्चच्या फाटकासमोरची आणि घरांच्या दारांपुढची जागा सोडा. शेताच्या फाटकासमोर 'दोनच मिनिटं' म्हणूनही लावू नका. ट्रॅक्टर नेमका त्याच दोन मिनिटांत येतो.

कधी जावं, सोबत काय घ्यावं

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात चर्चला कुलूप असण्याची शक्यता जास्त. हे बँगोर धर्मप्रांतातलं चर्च आहे, म्हणून निघण्याआधी धर्मप्रांताच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून चर्च उघडं असेल का, हे विचारून घ्या. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर बाहेरूनच पाहावं लागतं. तसं झालं तर आधी विहीर पाहा आणि तासाभराने परत या.

वारा पश्चिमेकडून, थेट समुद्रावरून येतो. छत्री उलटी होते, त्यामुळे टोपी असलेलं पावसाळी जॅकेटच हवं. चर्चच्या आत उन्हाळ्यातही गारवा असतो, एक स्वेटर जवळ ठेवा. बुटांचे तळवे खाचांचे असावेत. पाणी आणि डबा कर्नार्व्हनहूनच घेऊन निघा. गावात हमखास जेवण मिळेल अशा भरवशावर येऊ नये, शाकाहारी माणसाने तर नाहीच. प्रसाधनगृहाची सोयही कर्नार्व्हनलाच उरकून घ्या. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, डोंगराच्या कुशीत सिग्नल येतो-जातो.

विहीर

चर्चकडे पाठ करून जुन्या रस्त्याने नैर्ऋत्येला, म्हणजे प्वल्हेलीच्या दिशेला, पाव किलोमीटरभर चालत जा. रस्त्याच्या कडेला दगडी भिंतींनी बंदिस्त केलेली चौकोनी विहीर लागते. हिला 'फनॉन बेनो', म्हणजे बेनोची विहीर, म्हणतात. मनात आडाची कल्पना असेल तर ती सोडा. हा उथळ दगडी हौद आहे, आत उतरायला पायऱ्या आहेत आणि कडेने बसायला दगडी ओटे. ओट्यांवर बसून पाहिलं की जागेचा उपयोग लगेच कळतो. अंघोळीला उतरणाऱ्याने कपडे काढायचे, नातेवाइकांनी कडेला बसायचं. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते कोरड्या दिवशीही निसरडं असतं. लहान मुलांचा हात सोडू नका. पाणी पिऊ नका, त्यात नाणीही टाकू नका. नाण्यांच्या धातूने पाणी खराब होतं आणि ती काढायला कुणाला तरी उतरावं लागतं.

इथे फेफरं येणारी मुलं, लकवा झालेली माणसं आणली जात. विहिरीत स्नान घालून त्यांना त्याच संध्याकाळी चॅपलमध्ये नेत आणि संताच्या समाधीवर रात्रभर झोपवत. प्रवासवर्णनकार थॉमस पेनंटने अठराव्या शतकात समाधीवर पिसांची गादी अंथरलेली पाहिली होती. मेरिओनेथ परगण्यातून आलेला लकव्याचा एक गरीब रोगी रात्रभर त्या गादीवर झोपला होता, असं त्याने लिहून ठेवलंय. संतांच्या समाध्यांची पूजा नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट सुधारणेला तेव्हा दोनशे वर्षं उलटून गेली होती. वरून धर्म बदलला, तरी विहिरीवर येणारी माणसं तीच राहिली.

समाधीचं चॅपल

परत येऊन चर्चच्या आवारात शिरा. बुरुजाच्या बाजूला, नैर्ऋत्येला एक स्वतंत्र इमारत दिसेल. ती चर्चला एका अरुंद, दगडी छताच्या बोळाने जोडलेली आहे. हेच कापेल बेनो. बेनो सातव्या शतकातला, 640 च्या सुमारास वारला असं मानतात. त्याने इथे मठ वसवला आणि त्याला इथेच पुरलं, अशी परंपरा आहे. आजची इमारत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, पण विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्ती करताना तिच्या जमिनीखाली त्याहून जुन्या, लहान बांधकामाचा पाया सापडला. मुख्य चर्चला चिकटून न बांधता चॅपल असं बाजूला का, याचं उत्तर त्या जुन्या बांधकामात आहे. समाधीची जागा हलवता येत नव्हती, मोठं चर्च तिच्या शेजारी उभं राहिलं.

बोळ अंधारा आहे. डोळे सरावेपर्यंत थांबा, मग पुढे पाऊल टाका, उंबऱ्यापाशी ठेच लागते. आत गेल्यावर समाधी शोधू नका, ती आता उरलेली नाही. पाहायचा आहे तो 'माएन बेनो' हा दगड, त्यावर क्रूस कोरलेला आहे. संताने आपल्या अंगठ्याने तो उमटवला अशी समजूत. सरळ समोरून पाहिलं तर रेषा पुसट दिसतात. फोनचा टॉर्च दगडाच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. सावली पडली की क्रूस स्पष्ट होतो. बोटाने रेघ ओढायचा मोह आवरा, दगड असाच झिजतो. पूर्वी या चॅपलच्या खांबांचा चुरा खरवडून विहिरीच्या पाण्यात कालवत आणि डोळ्यांच्या दुखण्यावर लावत. तेवढी झीज पुरे झाली.

मुख्य चर्च

दार जड आहे आणि खूप जण ते बंद समजून परत जातात. जुन्या चर्चच्या दाराला लोखंडी कडी असते. ती नुसती ओढून उपयोग नाही, फिरवायची, म्हणजे आतला अडसर उचलला जातो, आणि मग खांद्याने ढकलायचं. आत गेल्यावर दार पुन्हा लावा, नाहीतर पाखरं शिरतात आणि त्यांना बाहेर काढणं फार अवघड जातं.

आपल्याला देवळाची सवय, म्हणून इथे नेहमी प्रश्न पडतो तो बुटांचा. बूट काढायचे नाहीत, चिखल मात्र दाराशी पुसायचा. पुरुषांनी टोपी काढायची. बाकांपुढे ठेवलेल्या भरतकामाच्या गाद्या गुडघे टेकण्यासाठी असतात, त्यांवर पाय ठेवू नका. वेदीपुढच्या कठड्याच्या आत जायचं नाही. फोटो काढायला साधारणपणे हरकत नसते, पण कुणी प्रार्थना करत असेल तर कॅमेरा खाली.

आताचं चर्च पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या सुरुवातीला बांधलेलं आहे. आराखडा क्रूसाच्या आकाराचा, पश्चिमेला बुरुज, खिडक्या मोठ्या. इतका पैसा आला कुठून? किनाऱ्याजवळच्या बार्डसी या पवित्र बेटाच्या यात्रेतून. क्लनॉग हा त्या वाटेवरचा मोठा मुक्काम होता, आणि बार्डसीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असं मानलं जाई. दुसरं साधन जनावरांचं. ज्या वासरांच्या आणि कोकरांच्या कानाला जन्मतः विशिष्ट चीर असे, ती 'बेनोच्या खुणेची' म्हणून चर्चला दिली जात. पुढे त्यांची विक्री होई आणि पैसा संताच्या पेटीत पडे.

ती पेटी, 'कीफ बेनो', आजही आहे. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली, लोखंडी पट्ट्यांची. ती आधी पाहा आणि मग मान वर करून चर्चकडे पाहा, हिशेब जुळतो. एखादं काम अशक्य असेल तर 'बेनोची पेटी फोडण्यासारखं' म्हणत, तेही जाड लाकूड पाहिल्यावर पटतं.

पेटीनंतर कुत्र्यांचा चिमटा शोधा. मेंढपाळ प्रार्थनेला येताना कुत्री सोबत आणत आणि ती आत भांडत. तेव्हा दुरूनच मान पकडून त्यांना बाहेर काढण्यासाठी हे साधन होतं. तिरक्या पट्ट्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या असतात, मुठी जवळ आणल्या की चिमटा पुढे लांबतो आणि टोकं मिटतात. त्यावर 1815 साल आहे. मुलांना अख्ख्या चर्चमधली हीच वस्तू लक्षात राहते. ती चालवून पाहायची नाही.

पूर्वेकडे कोरीव लाकडी पडद्यापलीकडे पाद्र्यांच्या बैठका आहेत. त्यांच्या बिजागरीच्या आसनांखाली छोटा कोरीव टेकू असतो. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणताना म्हाताऱ्या पाद्र्याने त्यावर नकळत बूड टेकवायचं. लाकूड जुनं आहे, आसन उचलून पाहायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारून उचला.

देणगी सक्तीची नाही, पण एवढ्या मोठ्या छताची दुरुस्ती लहान गावाच्या माथी आहे, तेव्हा माणशी दोन-चार पौंड टाकावेत. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचं पाकीट मिळालं तर ते भरून द्यावं. प्रत्येक पौंडामागे सरकारकडून चर्चला आणखी 25 पेन्स मिळतात, तुमच्या खिशातून जास्त जात नाही.

आवार

बाहेर चॅपलजवळ एक उभी शिळा आहे, तिच्यावर अर्धवर्तुळ आणि मधे भोक. ही सावलीची घड्याळशिळा, दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यानची. भोकात काठी बसवत आणि सावली कोणत्या रेषेवर पडते त्यावरून प्रार्थनेची वेळ ठरे. त्यावर तासांचे बारा आकडे शोधू नका. दिवसाचे मोजकेच भाग पाडलेले आहेत, घंटा वाजवायला तेवढे पुरत. मधल्या काळात हीच शिळा एका गिरणीपाशी पायपूल म्हणून वापरात होती.

थडग्यांवरचा मजकूर मुख्यतः वेल्शमध्ये आहे, आणि पाट्यांचा दगड या भागात सगळीकडे दिसणारी स्लेट. स्लेटवर कोरलेलं अक्षर दीडदोनशे वर्षांनीही धारदार राहतं. एबेन व्हार्थ हा एकोणिसाव्या शतकातला कवी (1802–1863) इथेच शाळा चालवायचा आणि इथेच पुरलेला आहे. गवतातून चालताना थडग्यांवर पाय देऊ नका. कललेल्या पाट्यांना टेकूही नका, त्या सुट्या असू शकतात.

शेवटी चिखल

बाखवेनचं क्रॉमलेख मुद्दाम शेवटी ठेवा, कारण तिथून परतताना बूट चर्चमध्ये नेण्यालायक राहत नाहीत. गावातून समुद्राच्या बाजूला उतरणाऱ्या वाटेने पाऊण किलोमीटरभर गेलं की कुरणात चार उभे दगड आणि त्यांवर एक शिळा दिसते. ही नवाश्मयुगीन कबर, चर्चपेक्षा कित्येक हजार वर्षं जुनी. वरच्या शिळेच्या माथ्यावर शंभराहून जास्त वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. पाऊस पडून गेल्यावर या, खळग्यांत पाणी साचतं आणि एरवी न दिसणारेही मोजता येतात. शिळेवर चढू नका. फाटक जसं होतं तसंच सोडा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गायींबरोबर वासरं असतील तर कुरणाच्या कडेने लांबून जा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच नाही.

विहीर, चॅपल, चर्च, आवार आणि क्रॉमलेख मिळून निवांत तीन तास धरा. गाडी असेल आणि उजेड उरला असेल तर पुढे नेव्हिनच्या अलीकडे पिस्टिलला याच संताचं एक अगदी लहान चर्च आहे. वर्षातल्या तीन सणांना तिथे अजूनही जमिनीवर लव्हाळे आणि वनस्पती अंथरतात. बसने आलेल्यांनी पिस्टिल सोडून द्यावं आणि कर्नार्व्हनची बस शेवटून दुसरी धरावी. शेवटची बस हातची राखून ठेवायची. परतताना थांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते उतरल्याउतरल्या पाहून ठेवा, ए499 वर गाड्या वेगाने जातात आणि बस समोर दिसल्यावर धावत रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे.